जड पाणी, फेस आणि मीठ : धुण्याच्या रसायनांविषयी वाचकांचे प्रश्न

या अंकासाठी साबण, धुलाई पावडर आणि भांड्यांच्या लिक्विडविषयी इतकी पत्रे आली की हे सदर पूर्णपणे त्यांनाच दिले आहे. पत्रे नागपूर शहराच्या वेगवेगळ्या भागांतून आली असली, तरी बहुतेक प्रश्नांचे मूळ एकच आहे. आपण कपडे, भांडी आणि केस ज्याने धुतो त्यातील मुख्य घटक पाण्यात विरघळला की त्याच्या रेणूवर ऋण विद्युतभार येतो, आणि त्याचे बहुतेक गुण व अवगुण या भारातूनच निघतात. त्यामुळे पहिले उत्तर जरा विस्ताराने दिले आहे आणि पुढची उत्तरे त्याच्याच आधाराने लिहिली आहेत.

प्रश्न : आमच्या सोसायटीत बोअरवेलचे पाणी येते. तपासणीत त्याचा जडपणा लिटरला ३०० मिलिग्रॅम निघाला. या पाण्यात धुण्याच्या साबणाची वडी कितीही घासली तरी फेस येत नाही, बादलीत पांढरट साका तरंगतो आणि पांढरे कपडे हळूहळू राखाडी पडतात. त्याच पाण्यात पावडरीचा फेस मात्र येतो. असे का होते? — एक गृहिणी, बेसा

उत्तर : साबण आणि पावडर या दोन्हींतील मळ काढणारा पदार्थ ॲनायॉनिक सरफॅक्टंट, म्हणजे ऋणभारित पृष्ठसक्रिय पदार्थ, याच वर्गात मोडतो. त्याच्या रेणूला कार्बन अणूंची लांब शेपटी असते आणि एका टोकाला ऋणभारित डोके असते. शेपटी तेलात मिसळते, डोके पाण्यात राहते. हे रेणू पाण्याच्या पृष्ठभागावर दाटीने बसले की पाण्याचा पृष्ठताण, जो २५ अंश सेल्सिअसला मीटरमागे सुमारे ७२ मिलिन्यूटन असतो, तो उतरून तीस-पस्तीसपर्यंत येतो आणि पाणी धाग्यांच्या आत शिरू लागते. रेणूंचे प्रमाण एका मर्यादेपलीकडे गेले की ते शेपट्या आत आणि डोकी बाहेर ठेवून सूक्ष्म गोळे बांधतात. या गोळ्यांना मिसेल म्हणतात. टूथपेस्ट-शाम्पूत वापरल्या जाणाऱ्या सोडियम लॉरिल सल्फेटच्या बाबतीत ही मर्यादा लिटरला सुमारे २.३ ग्रॅम आहे आणि एका गोळ्यात साधारण ६० रेणू असतात. कापडावरचे तेल या शेपट्यांच्या आधाराने सुटते. सुटलेल्या प्रत्येक थेंबाभोवती ऋण भाराचे कवच तयार होते, त्यामुळे थेंब एकमेकांना दूर लोटतात. सुती कापडसुद्धा पाण्यात किंचित ऋणभारितच असते, म्हणून सुटलेला मळ पुन्हा कापडावर बसत नाही. कपडे धुण्यासाठी जगभर याच वर्गातील पदार्थ सर्वाधिक वापरले जातात, त्यामागे स्वस्त किमतीइतकेच हेही कारण आहे.

आता आपल्या बोअरवेलकडे येऊ. जड पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे आयन असतात आणि त्यांच्यावर दुप्पट धन भार असतो. साबणाच्या रेणूचे डोके कार्बोक्सिलेट गटाचे असते. कॅल्शियमचा एक आयन असे दोन रेणू धरून ठेवतो आणि जो क्षार बनतो तो पाण्यात विरघळत नाही. आपल्याला बादलीत दिसतो तो साका हाच. कपड्यांवर राखाडी थर चढतो तोही याचाच, कारण हा चिकट क्षार वाटेत सापडलेला मळ सोबत घेऊन धाग्यांवर बसतो.

यात साबण किती वाया जातो, ते हिशेबाने पाहणे उपयोगाचे आहे. जडपणा कॅल्शियम कार्बोनेटच्या रूपात मोजतात. लिटरला ३०० मिलिग्रॅम म्हणजे ३ मिलिमोल कॅल्शियम, आणि त्याला बांधून टाकायला ६ मिलिमोल साबण खर्ची पडतो. वजनात हा साबण लिटरला सुमारे १.८ ग्रॅम होतो. पंधरा लिटरच्या बादलीत, मळाचा एक कणही निघण्याआधी, सुमारे २७ ग्रॅम शुद्ध साबण अशा रीतीने नाहीसा होतो. बाजारातल्या वडीत शुद्ध साबण साठ-सत्तर टक्के असतो असे धरले, तर दर बादलीमागे वडीचा ४० ग्रॅमच्या आसपासचा तुकडा पाण्यात गेला.

पावडरीतील मुख्य सरफॅक्टंट बहुधा लिनियर अल्किलबेन्झीन सल्फोनेट हा असतो. त्याचे डोके सल्फोनेट गटाचे असल्यामुळे कॅल्शियमबरोबर तो साबणाइतक्या सहज साक्यात जात नाही. तो पूर्णपणे निर्धास्त असतो असे मात्र नाही. पाणी फार जड असेल तर त्याचाही काही भाग निकामी होतो. म्हणूनच पावडरीत धुण्याचा सोडा, झिओलाइट किंवा फॉस्फेट यांसारखे पदार्थ घातलेले असतात, जे कॅल्शियमला आधीच अडवतात.

आपल्याला माझा सल्ला असा की वडी वापरायचीच असेल तर आधी पाण्यातील कॅल्शियम काढून घ्यावे. वरील हिशेबाने पंधरा लिटर पाण्याला सुमारे ५ ग्रॅम धुण्याचा सोडा, म्हणजे चहाचा सपाट चमचाभर, पुरतो. मॅग्नेशियम जास्त असेल तर त्याहून थोडा अधिक लागेल. हा सोडा रात्री पाण्यात विरघळवून ठेवला तर सकाळपर्यंत पांढरा गाळ तळाशी बसतो, आणि वरचे निवळलेले पाणी कपड्यांसाठी घेता येते. पाच ग्रॅम सोड्याचे काम सत्तावीस ग्रॅम साबणाकडून करून घेण्यात काहीच हशील नाही. लोकरीच्या आणि रेशमी कपड्यांना मात्र सोड्याचे पाणी लावू नये.

प्रश्न : जास्त फेस येणारी पावडर चांगली समजावी का? — महाल

उत्तर : नाही. फेस म्हणजे सरफॅक्टंटच्या पातळ पडद्यात अडकलेली हवा. मळ निघतो तो पाण्याखाली, कापडाच्या पृष्ठभागावर. फेसावरून एवढेच कळते की पाण्यात सरफॅक्टंट अजून शिल्लक आहे. तेलकट भांडी घासताना फेस बसला तर आणखी लिक्विड घ्यावे, इतपत हा संकेत उपयोगी आहे. पुढून उघडणाऱ्या वॉशिंग मशीनमध्ये तर अति फेस अपायकारक ठरतो, कारण कपडे वरून खाली आपटण्यानेच तिथे मळ सुटतो आणि फेसाची गादी ती आपटणी मऊ करून टाकते. त्या मशीनच्या पावडरीत फेस दाबणारे घटक मुद्दाम घातलेले असतात. त्यात हात धुलाईची पावडर टाकू नये.

प्रश्न : आमचा महिला बचत गट इतवारीतून कच्चा माल आणून भांड्यांचे लिक्विड बनवतो. एसएलईएस पेस्ट, ॲसिड स्लरी, कॉस्टिक सोडा, मीठ, रंग आणि सुगंध असे घटक आम्ही घेतो. मागच्या घाण्यात लिक्विड पातळ वाटले म्हणून मीठ वाढवले, तर ते पाण्यासारखे झाले. पेस्टच्या गुठळ्याही विरघळत नाहीत. उन्हाळ्यात माल पातळ होतो आणि ग्राहक भेसळीचा आरोप करतात. — बचत गटाची अध्यक्ष, हिंगणा रोड

उत्तर : आपले पत्र वाचून फार बरे वाटले. जो माल आपण विकतो तो असा का वागतो हे समजून घेण्याची ही तळमळ लहान उद्योगांत असायलाच हवी, म्हणून प्रत्येक मुद्द्याचे उत्तर देतो.

आधी मीठ. सोडियम लॉरेथ सल्फेटच्या, म्हणजे आपल्या पेस्टच्या, द्रावणात मिसेल सुरुवातीला लहान आणि गोल असतात. सगळ्यांच्या डोक्यांवर ऋण भार असल्याने रेणू एकमेकांच्या फार जवळ येत नाहीत. मिठातील सोडियमचे धन आयन या डोक्यांभोवती जमतात, त्यांचे परस्परांना ढकलणे कमी होते, रेणू दाटीने बसतात आणि गोल मिसेल लांबत जाऊन शिजलेल्या शेवयांसारख्या एकमेकांत गुंततात. लिक्विड दाट होते ते या गुंत्यामुळे. मीठ त्याहूनही वाढवले की या लांब मिसेलना फांद्या फुटतात, गुंता सहज सरकू लागतो आणि दाटपणा कोसळतो. म्हणजे मिठाबरोबर दाटपणा आधी चढतो, एका टोकाला पोचतो आणि मग उतरतो. हे टोक बहुधा एक ते तीन टक्क्यांच्या दरम्यान येते, पण पेस्टचे प्रमाण, सुगंध आणि इतर घटक यांप्रमाणे ते बदलते. त्यामुळे दुसऱ्याच्या कृतीतला मिठाचा आकडा आपल्या मालाला लागू पडेलच असे नाही. प्रत्येक नव्या घाण्याच्या आधी शंभर मिलिलिटरचा नमुना काढावा, त्यात दर वेळी अर्धा ग्रॅम मीठ विरघळवावे आणि दाटपणा चढायचा थांबला की तिथेच हात आखडावा. आपला बिघडलेला माल फेकू नका. बिनमिठाचे पेस्टचे द्रावण त्यात थोडे थोडे मिसळत गेलात, तर मिठाचे एकूण प्रमाण खाली येईल आणि दाटपणा परत येईल.

एक गोष्ट बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. ॲसिड स्लरीत, म्हणजे पावडरीतील सल्फोनेट ज्यापासून बनतो त्या आम्लात, थोडे सल्फ्युरिक आम्ल राहिलेले असते आणि कॉस्टिक घातल्यावर त्याचे सोडियम सल्फेट बनते. तेही मिठासारखेच काम करते. स्लरीचा नवा ड्रम उघडला की जुन्या मापाने मीठ घालू नये, याचे कारण हेच.

स्लरीच्या उदासिनीकरणाचे, म्हणजे कॉस्टिकने तिचे आम्ल मारण्याचे, प्रमाणही विचारपूर्वक ठरवावे. तिच्या रेणूचे वजन सुमारे ३२० आहे. ९६ टक्क्यांच्या १०० ग्रॅम स्लरीला सुमारे १२ ग्रॅम कॉस्टिक सोडा लागतो आणि उरलेल्या सल्फ्युरिक आम्लासाठी किंचित अधिक. शेवटचा निर्णय मात्र पीएच पट्टीवरच घ्यावा आणि तो सातच्या आसपास आणावा. कॉस्टिक नेहमी पाण्यात घालावा, कॉस्टिकवर पाणी कधीही ओतू नये. ही क्रिया पुष्कळ उष्णता सोडते, त्यामुळे स्लरी थंड पाण्यात पातळ करून, कॉस्टिकचे द्रावण थोडे थोडे घालत, ढवळत राहावे. हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा यांवाचून हे काम कोणीही करू नये. गटातील एखादीने सवयीने टाळले तर तिला थांबवण्याचा अधिकार अध्यक्ष म्हणून आपण वापरावा.

गुठळ्यांचे कारण निराळे आहे. बाजारात मिळणारी पेस्ट ७० टक्के तीव्रतेची असते आणि त्या तीव्रतेला ती हलवता येते. तिच्यावर थोडे पाणी ओतले की ती साठ ते तीस टक्क्यांच्या पट्ट्यातून जाते, आणि या पट्ट्यात ती घट्ट जेल बनते. म्हणून पेस्टवर पाणी ओतण्याऐवजी भरपूर पाण्यात पेस्टचे लहान लहान गोळे सोडावेत आणि हळूहळू ढवळावे. जोरात घुसळल्याने फक्त फेस वाढतो. मीठ पेस्ट पूर्ण विरघळल्यानंतर, सर्वांत शेवटी घालावे.

उन्हाळ्यात माल पातळ होणारच. तापमान वाढले की त्या लांब मिसेल तुटतात आणि एप्रिल-मे महिन्यांत नागपुरातली दुकानेही चांगलीच तापलेली असतात. उन्हाळ्याच्या मालाचा दाटपणा सामान्य खोलीत न पाहता, नमुन्याची बाटली ४५ अंशांच्या पाण्यात ठेवून पाहावा. ग्राहकाला हेही सांगावे की दाटपणा हे धुण्याच्या ताकदीचे माप नाही. लिंबाच्या नावाखाली सायट्रिक आम्ल सढळ हाताने घालू नये. पेस्टमधील सल्फेटचा बंध आम्लात आणि उष्णतेत हळूहळू तुटतो व माल कालांतराने निकामी होतो. परिरक्षक मात्र अवश्य घालावे, कारण पातळ केलेल्या द्रावणात जिवाणू आनंदाने वाढतात.

आपण पुढे शाम्पू करणार असाल तर स्वस्त म्हणून एसएलईएसऐवजी सोडियम लॉरिल सल्फेट घेण्याआधी विचार करावा. शुद्ध लॉरिल सल्फेट दहा ते सोळा अंशांच्या आसपास पाण्यातून स्फटिकरूपात बाहेर पडू लागते, आणि डिसेंबर-जानेवारीत नागपूरच्या रात्री त्याहून थंड असतात. एसएलईएसच्या रेणूत मध्ये इथॉक्सी गट असल्याने ते शून्याच्याही खाली विरघळलेले राहते.

प्रश्न : संत्र्याच्या साली, गूळ आणि पाणी तीन महिने आंबवून मी बायोएन्झाइम बनवते. ते साबणाच्या पाण्यात घातले तर दह्यासारखे फाटते, पण भांड्यांच्या लिक्विडमध्ये घातले तर काही होत नाही. फरशीच्या जंतुनाशकात लिक्विड मिसळले तरी पाणी गढूळ झाले. माझे काही चुकते का? — धरमपेठ

उत्तर : आपण केलेल्या या निरीक्षणांतून ॲनायॉनिक पदार्थांचा स्वभाव अगदी स्पष्ट दिसतो. आंबवलेले द्रावण आम्लधर्मी असते. आम्लातला हायड्रोजन आयन साबणाच्या कार्बोक्सिलेट डोक्याला चिकटला की त्याचा भार संपतो, रेणू पुन्हा मूळ स्निग्धाम्ल बनतो आणि पाण्याबाहेर पडतो. आपल्याला दिसलेले दही म्हणजे हे स्निग्धाम्ल. लिक्विडमधील सल्फेट आणि सल्फोनेट डोकी इतक्या आम्लातही भार सोडत नाहीत. बायोएन्झाइम लिक्विडमध्ये मिसळायचे तर लागेल तेवढेच, वापरतानाच मिसळावे, साठवू नये. क्षारांचे पांढरे डाग काढायला त्यातले आम्ल चांगले, पण त्यात स्वतःचे सरफॅक्टंट नगण्य असल्याने तेलकट ओट्यावर ते एकटे फारसे कामाचे नाही.

जंतुनाशकाचे प्रकरण अधिक गंभीर आहे. फरशीच्या बऱ्याच जंतुनाशकांत बेन्झाल्कोनियम क्लोराइड असते आणि त्याचा रेणू धनभारित असतो. ऋणभारित लिक्विडशी त्याची जोडी जमते, दोघेही एकमेकांना बांधून टाकतात आणि उरते ते गढूळ पाणी, जे ना मळ काढते ना जंतू मारते. आजारी माणसाच्या खोलीत असे मिश्रण वापरून आपण सुरक्षित आहोत असे समजणे धोक्याचे आहे. आधी लिक्विडने पुसावे, स्वच्छ पाण्याने पुसून घ्यावे, आणि मग जंतुनाशक लावावे. कपडे मऊ करणारे कंडिशनरही धनभारितच असते, म्हणून ते पावडर पूर्ण निघून गेल्यावर शेवटच्या पाण्यात घालतात. क्लोरहेक्सिडीनच्या गुळण्या टूथपेस्टनंतर लगेच करू नयेत, असे दंतवैद्य सांगतात ते याच कारणासाठी. बहुतेक टूथपेस्टमध्ये लॉरिल सल्फेट असते.

प्रश्न : सावजी रश्श्याची तर्री पांढऱ्या सदऱ्यावर सांडली. पावडर लावताच डाग लालभडक झाला. कापड जळले का? — सक्करदरा

उत्तर : कापडाला काहीही झालेले नाही. हळदीतील करक्युमिन अल्कधर्मी द्रावणात पिवळ्याचा लाल होतो, आणि पावडरीत सोडा असतोच. भरपूर पाण्याने खंगाळल्यावर तो रंग पुन्हा पिवळा होईल. तर्रीच्या डागात दोन गोष्टी एकत्र असतात : तेल आणि त्यात विरघळलेले रंग. आधी तेल काढावे, नाहीतर रंगापर्यंत काहीच पोचत नाही. कोरड्या डागावर भांड्यांच्या लिक्विडचे काही थेंब, पाणी न घालता, बोटाने चोळावेत आणि दहा मिनिटे राहू द्यावेत. पाण्याने पातळ न केल्यामुळे सरफॅक्टंट तेलावर पूर्ण ताकदीने काम करतो. मग कोमट पाण्याने धुवावे. मागे राहिलेला पिवळेपणा सरफॅक्टंटने जाणार नाही. करक्युमिन उन्हात विघटित होते, म्हणून ओला सदरा थेट उन्हात वाळवावा आणि गरज पडल्यास पुन्हा तेच करावे.

प्रश्न : शाम्पूतील एसएलएसमुळे कर्करोग होतो, असा संदेश फिरतो आहे. त्यात तथ्य आहे का? — जरीपटका

उत्तर : सोडियम लॉरिल सल्फेट कर्करोगकारक असल्याचा पुरावा नाही. ते त्वचेला त्रासदायक असते, हे मात्र खरे आहे. त्वचेच्या वरच्या थरातील प्रथिनांना ते चिकटते, त्यांची रचना बिघडवते आणि त्वचेतील स्निग्धांश काढून नेते. त्वचेच्या चाचण्यांत दाह घडवणारा प्रमाण पदार्थ म्हणून तेच वापरले जाते. एसएलईएस त्या मानाने सौम्य असते. दिवसभर भांडी आणि कपडे धुणाऱ्या स्त्रियांच्या हातांना पडणाऱ्या भेगा हा या पदार्थांचा खरा आणि दुर्लक्षित परिणाम आहे. कामाला येणाऱ्या ताईंना रबरी हातमोजे आणि कामानंतर लावायला खोबरेल तेल देणे हे प्रत्येक घराने आपले कर्तव्य समजावे.

प्रश्न : नाग नदीवर पुलाखाली पांढरा फेस दिसतो. तो पावडरीचाच असतो का, आणि तो पुढे कुठे जातो? — महाविद्यालयीन विद्यार्थी, नंदनवन

उत्तर : शहराच्या सांडपाण्यात घरोघरची पावडर असतेच, आणि पाणी उंचावरून पडते तिथे हवा मिसळून फेस उठतो. सांडपाण्यातील प्रथिने आणि कुजणारे सेंद्रिय पदार्थही फेस धरतात, त्यामुळे नुसत्या डोळ्यांनी पाहून किती फेस कशाचा हे ठरवता येत नाही. त्यासाठी मिथिलीन ब्लू चाचणी करतात. हा निळा रंग धनभारित असतो. ऋणभारित सरफॅक्टंटशी त्याची जोडी जमली की ती पाणी सोडून क्लोरोफॉर्म या पाण्यात न मिसळणाऱ्या द्रवात उतरते, आणि क्लोरोफॉर्म जितका निळा तितके सरफॅक्टंट अधिक. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस १०५०० मध्ये, या चाचणीने मोजलेल्या ॲनायॉनिक डिटर्जंटची स्वीकारार्ह मर्यादा लिटरला ०.२ मिलिग्रॅम आणि दुसरा स्रोत नसेल तर १ मिलिग्रॅम ठरवलेली आहे.

१९५० च्या दशकात युरोप-अमेरिकेत नद्यांवर फेसाचे डोंगर साचत, कारण तेव्हाच्या अल्किलबेन्झीन सल्फोनेटची शेपटी फांद्यांची होती आणि जिवाणूंना ती नीट तोडता येत नव्हती. पश्चिम जर्मनीने १९६१ मध्ये याविरुद्ध कायदा केला, अमेरिकेतील उत्पादकांनी १९६५ च्या सुमारास सरळ शेपटीचा प्रकार स्वीकारला, आणि आज आपल्या पावडरीत येतो तोही हाच. त्याला जिवाणू तोडतात, पण एका अटीवर : पाण्यात प्राणवायू हवा. हवा मिळणाऱ्या सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्पात त्याचा बहुतांश भाग नष्ट होतो. काळ्या, प्राणवायूविरहित गाळात तो तसाच पडून राहतो. भांडेवाडीच्या प्रकल्पापर्यंत जे सांडपाणी पोचते त्यातील पावडरीची व्यवस्था लागते, आणि जे थेट नाल्यातून नदीत शिरते ते कन्हानमार्गे वैनगंगेकडे, म्हणजे गोसीखुर्दच्या जलाशयाच्या दिशेने जाते. आपल्याला प्रकल्प म्हणून हा विषय घ्यायचा असेल तर एकाच दिवशी अंबाझरीच्या खाली, शहराच्या मध्यावर आणि शहराबाहेर असे तीन नमुने घ्यावेत, ते थंड ठेवून त्याच दिवशी प्रयोगशाळेत न्यावेत, आणि मिथिलीन ब्लू चाचणीबरोबर पाण्यातील विरघळलेला प्राणवायूही मोजून घ्यावा, कारण एकाशिवाय दुसऱ्या आकड्याचा अर्थ लागत नाही.